खुराड्याबाहेरचा लळा

आमच्या राणीसावरगावात बैलाला नाव असतं, म्हशीला असतं, दारातल्या कुत्र्यालाही असतं. कोंबडीला नसतं. ती मोजायची असते. दिवेलागणीला खुराडं लावताना घरोघरच्या बायका आकडा म्हणतात आणि एक जरी कमी भरली तरी गल्लीभर शोध सुरू होतो. अशा गावात मी माझ्या कोंबड्यांना नावं दिली, तेव्हा बरीच करमणूक झाली. सगळ्यांवर डाफरणारी ती पाटलीण, ठिपक्याठिपक्यांची चांदणी आणि कारण नसताना गस्त घालणारा कोंबडा फौजदार.

शेजारच्या मावशींनी मात्र मुद्द्यालाच हात घातला. "कामून गं बाई, नाव दिलेलं कोंबडं कापायचं कसं?"

कापायचं नाही, हे उत्तर द्यायला सोपं आहे, निभवायला अवघड. आमचं घर काही माळकरी नाही. रविवारी मुलांना रस्सा लागतो आणि तो आम्ही दुकानातून आणतो. दुकानातली ब्रॉयलर जेमतेम सहा आठवडे जगलेली असते. तिला ना उकिरडा माहीत, ना धूळ. दारातली खायची नाही आणि दुकानातली चालते, यात तर्क फारसा नाही हे मलाही कळतं. पण लळ्याला तर्काची सोबत नसली तरी चालतं. पाटलीण आता अंडी घालत नाही. दोन-तीन वर्षांनंतर अंडी कमी होत जातात आणि नीट सांभाळलेली कोंबडी पुढेही काही वर्षं जगते. तो काळ म्हणजे तिची पेन्शन. ती फुकटही खात नाही. अंगणातले किडे वेचते आणि खुडूक झाली की चांदणीची अंडी उबवून देते.

अंड्यांवर बसलेली कोंबडी पाहणं हा आमच्याकडचा मोठा कार्यक्रम. टोपल्यात भुसा, त्यावर अंडी, वर ती फुगून बसलेली. एकवीस दिवस ती चारापाण्यापुरती उठते, चोचीने अंडी फिरवत राहते. आठवड्याने रात्री अंडं टॉर्चसमोर धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात दिसत नाही ते बाजूला काढायचं. शेवटच्या दिवसांत पिल्लू कवचाच्या आतूनच चिवचिवतं आणि आई हळू घोगऱ्या आवाजात त्याला उत्तर देते. मुलांना हे ऐकवलं की मोबाइल आपोआप खाली ठेवला जातो.

कोंबड्यांच्या लळ्यातून शास्त्रही जन्माला आलेलं आहे. नॉर्वेतला थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे हा मुलगा लहानपणापासून कोंबड्यांत रमायचा. कोण कोणाला टोचतं, कोण कोणापुढे मान खाली घालतं, याची टिपणं ठेवायचा. मोठेपणी, १९२१ मध्ये, त्याने त्यावर प्रबंधच लिहिला. कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते, वरची खालचीला टोचते आणि नवी कोंबडी आली की सगळी उतरंड पुन्हा लावली जाते. माणसांच्या कचेऱ्यांबद्दल बोलतानाही हीच कल्पना वापरतात. आमच्या अंगणात तिचा पुरावा रोज मिळतो. कण्या टाकल्या की आधी पाटलीण, मग बाकीच्या. म्हणून चारा एका ढिगात न टाकता चार ठिकाणी टाकायचा, म्हणजे तळाची उपाशी राहत नाही.

बाकी देखभाल म्हणजे ऋतूंशी चाललेली कुस्ती. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि मे महिन्यात आपल्या परभणीचा पारा त्याच्याही वर जातो. मग ती चोच वासून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. अशा दुपारी खुराड्यावर ओलं पोतं, सावलीत मातीच्या परळात पाणी आणि ते दिवसातून दोन-तीनदा बदलणं, एवढं केलं तरी जीव वाचतो. चारा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्यायचा, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते. पावसाळ्यात उलटं. तेव्हा खुराड्याची जमीन कोरडी ठेवणं हेच काम. हिवाळ्यात वारा अडवायचा, पण हवा कोंडायची नाही. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि माती मिसळून ठेवली की त्या त्यात मनसोक्त लोळतात. ही त्यांची आंघोळ, त्याने पिसांतल्या उवा कमी होतात. मुंगूस, रानमांजर आणि घार यांचा बंदोबस्त फौजदारावर सोडून चालत नाही. दाराला कडी लागते.

हे सगळं आपापल्या अंगणात करता येतं. एक गोष्ट मात्र एकट्याने करता येत नाही, आणि नेमकी तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे.

मानमोडी. पुस्तकातलं नाव राणीखेत. कोंबडी सुस्तावते, हिरवट-पांढरं हगते, मान वाकडी होते, आणि लस नसलेल्या कळपात बघता बघता बहुतेक सगळ्या जातात. यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा आणि आठव्या आठवड्यानंतर पंखाखाली टोचायची दुसरी लस. थेंब स्वस्त आहे. अडचण बाटलीची आहे. लहानातली लहान बाटली साधारण शंभर पक्ष्यांची येते. ती बर्फातून आणावी लागते आणि एकदा पातळ केली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. ज्यांच्याकडे आठ-दहा कोंबड्या आहेत, त्यांनी उरलेल्या नव्वद थेंबांचं काय करायचं? म्हणून कोणीच आणत नाही. म्हणून दर काही वर्षांनी गल्ली रिकामी होते.

देशातल्या २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ३१ कोटी ७० लाख भरली, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ निम्म्याने जास्त. म्हणजे दारातली कोंबडी संपत चाललेली नाही, वाढते आहे. पण बाटली अजूनही हजारोंच्या शेडचा विचार करूनच भरली जाते. यावर उपाय एकच, गल्लीने एकत्र येणं. अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही, ती निमूट हातात येते. त्यामुळे रात्री आठला थर्मास घेऊन निघालं तर तासाभरात सगळी खुराडी होतात. आमच्या गल्लीत हे जमलं ते बायकांमुळे. अंड्यांचे पैसे बाईचे असतात, आणि अर्धलीने कोंबडी सांभाळायला देण्याचा व्यवहारही त्यांचाच. कोणाची कोंबडी कोणाच्या खुराड्यात आहे हे त्यांनाच ठाऊक.

एकट्याचा लळा किती अपुरा असतो, हे २०२१ च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या एकाएकी मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान आलं. मग गावाभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ आखलं गेलं आणि त्यातले सगळे पक्षी नष्ट करायचं ठरलं. त्या वर्तुळात शेडमधली आणि दारातली असा भेद नसतो. धडधाकट असली तरी सुटका नाही, नाव असलं तरी नाही. सरकारी भरपाईचा दर अंड्यांसाठीच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये होता. पाटलीण त्या तक्त्यात बसली असती की वय झालं म्हणून त्यावरही वाद झाला असता, कोण जाणे. त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. विषाणू माणसात येऊ नये म्हणून तेवढं कठोर व्हावंच लागतं. पण तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. माझ्या कोंबडीचं आयुष्य माझ्या खुराड्याच्या कडीवर जेवढं अवलंबून आहे, तेवढंच चार घरं पलीकडच्या अंगणावर आहे.

आणि पलीकडे काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. दोन-चार मेल्या की मेलेल्या नाल्यात टाकायच्या आणि उरलेल्या, अजून उभ्या असलेल्या, बाजाराच्या दिवशी पाय बांधून विकायच्या. विकणारीचे दोन-तीनशे रुपये वाचतात आणि रोग पुढच्या गावाला जातो. घेणारीही ती थेट आपल्या कळपात सोडते. नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी डालून ठेवणं, मेलेली चुना टाकून खोल पुरणं आणि एकाएकी जास्त मेल्या तर जनावरांच्या दवाखान्यात कळवणं, यात पैसा लागत नाही. लागते ती फक्त दुसऱ्याच्या कोंबडीबद्दल थोडी आस्था.

मावशी अजूनही त्यांच्या कोंबड्यांना नावं देत नाहीत आणि सणाला एखादी कापतातही. त्यावरून आमचं भांडण नाही. लसीच्या रात्री मात्र त्या सगळ्यांच्या आधी हजर असतात आणि प्रत्येक कोंबडीची मान अशी हळुवार धरतात की थेंब चुकत नाही. मला तेवढं पुरे आहे. पुढची बाटली पावसाळ्याआधी आणायची आहे. ज्यांच्याकडे दोनच कोंबड्या असतील त्यांनीही नाव नोंदवावं. बर्फ माझ्याकडून.