सोयाबीनचं पोतं बाजारात नेण्याआधी

वाशीम जिल्ह्यात खरिपाला जिकडे नजर टाकावी तिकडे सोयाबीन. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत हेच मुख्य पीक. जून-जुलैत पेरायचं, दसऱ्याच्या आगेमागे सोंगायचं, सुडी लावायची, मळणी यंत्रातून काढायचं, कुटार ढोरांना ठेवायचं आणि पोती बाजार समितीत न्यायची. तिथून माल तेलाच्या कारखान्यात जातो. तेल पाकिटात भरून आपल्याच किराणा दुकानात परत येतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. ज्या घरानं ते पिकवलं त्या घराच्या चुलीवर मात्र सोयाबीन चढत नाही. फार तर दळणात मूठभर टाकतात. मला हे मनापासून खटकतं.

म्हणून माझं सांगणं असं आहे की आपल्याकडे घरच्या घरी, कमी खर्चात, चवीचं परदेशी जेवण करायचं असेल तर त्याची सुरुवात सोयाबीनच्या पोत्यापासून करावी. टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, घरी करावा आणि त्याची चिनी पद्धतीची झणझणीत भाजी भातासोबत वाढावी. पास्ता, चीज, ऑलिव्ह तेल आणून केलेलं जेवण तालुक्याच्या गावी महागच पडतं, आणि त्यातलं निम्मं सामान मिळतही नाही. टोफूसाठी लागणारं सगळं आपल्याकडे आहे.

हिशेब पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारनं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. बाजारात शेतकऱ्याच्या हातात अनेकदा त्याहून कमीच पडतात, हे दुःख वेगळं. अर्धा किलो सोयाबीन सत्तावीस रुपयांचं झालं आणि त्यातून पाऊण किलोच्या आसपास टोफू निघतो. पनीर किलोला साडेतीनशे-चारशे रुपये. तुरीच्या डाळीत प्रथिनं शंभरात बावीसच्या आसपास, सोयाबीनमध्ये जवळपास चाळीस. ज्या जिल्ह्यात बाया-लेकरांच्या अंगात रक्त कमी, ताकद कमी अशी तक्रार दवाखान्यात रोज ऐकू येते, तिथं हे धान्य आपण न चाखता विकतो.

हा विचार काही माझा नवा नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमातल्या माणसांच्या जेवणात सोयाबीन आणलं, त्याचे अनुभव ‘हरिजन’मध्ये छापले. बडोदा संस्थानात एफ. एस. काळे यांनी त्याच सुमारास सोयाबीनवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात लागवडीबरोबर तीनशे पाककृतीही दिल्या. तेव्हा विदर्भात सोयाबीनची शेती नव्हतीच म्हणा ना. आज शिवारं भरली आहेत आणि पाककृती विसरल्या आहेत.

आता कृती सांगते. ती नीट सांगायला हवी, कारण लोक एकदा करतात, उग्र वास येतो आणि सोडून देतात. सोयाबीन निवडून, धुऊन रात्री भरपूर पाण्यात भिजवायचं. हिवाळ्यात दहा-बारा तास लागतात. सकाळी दाणा दुभंगून पाहायचा, आतून सगळीकडे सारखा ओला दिसला पाहिजे. चोळून जमतील तेवढी सालं काढायची. मग मिक्सरमध्ये वाटताना गार पाणी घालायचं नाही, उकळतं घालायचं. कच्चा वास वाटतानाच तयार होतो आणि गरम पाण्यानं तो बराच अडतो. एवढी एक गोष्ट सांभाळली तर निम्मं काम झालं. वाटलेलं मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचं. खाली दूध, फडक्यात चोथा.

हे दूध मोठ्या पातेल्यात ठेवायचं, कारण त्याला फेस फार चढतो आणि डोळ्यांदेखत उतू जातं. उकळी आल्यावर मंद आचेवर निदान दहा-पंधरा मिनिटं ढवळत राहायचं. यात घाई करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो चांगल्या उष्णतेनंच जातो. मग गॅस बंद करून दोन लिंबांचा रस वाटीभर पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा, हलक्या हातानं एकदा फिरवायचं आणि झाकण ठेवायचं. दहा मिनिटांनी झाकण काढलं की पांढऱ्या गुठळ्या वर आणि खाली पिवळसर नितळ पाणी दिसतं. पाणी दुधाळच राहिलं असेल तर आणखी चमचाभर रस. गुठळ्या फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून त्यावर वरवंटा ठेवायचा. अर्ध्या तासात सुरीनं कापता येईल अशी वडी होते.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. बियाणं म्हणून बुरशीनाशक चोळून ठेवलेलं सोयाबीन चुकूनही स्वयंपाकात घेऊ नये. ते धुऊन खाण्याजोगं होत नाही. खाण्याचा माल मळणी झाल्याबरोबर वेगळ्या डब्यात काढावा आणि डब्यावर तसं लिहून ठेवावं.

जेवणाचं म्हणाल तर आमच्या घरी चीनमधल्या सिचुआन प्रांताची माफो टोफू ही भाजी होते. चेंगदू शहरात १८६२ च्या सुमारास एका पुलाजवळ चेन आडनावाची बाई खानावळ चालवायची. तेलाचे डबे वाहून नेणारे हमाल तिच्याकडे टेकायचे आणि त्यांच्यासाठी ती स्वस्त टोफू भरपूर तेल-तिखटात परतून द्यायची, असं सांगतात. अंगमेहनत करणाऱ्यांचं जेवण आहे हे, म्हणूनच ते वऱ्हाडी तोंडाला लगेच रुचतं. मूळ पदार्थात खिमा असतो आणि बाकल्याच्या दाण्यांची आंबवलेली मिरचीची चटणी. ती चटणी आपल्याकडे मिळत नाही. मी सुक्या लाल मिरच्या भिजवून लसणाबरोबर जाडसर वाटते, शेंगदाण्याच्या तेलात तेल लाल होईपर्यंत मंद परतते, त्यात आल्याचा कीस आणि दोन चमचे सोया सॉस. सोया सॉसची बाटली आता खेड्यातल्या किराणा दुकानातही असते. खिम्याऐवजी पिळून राहिलेला चोथाच दोन मुठी घेऊन खमंग परतते. मग पेलाभर पाणी, टोफूचे तुकडे, पाच-सात मिनिटं उकळी, शेवटी चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून. वरून पातीचा कांदा.

या भाजीत पडणाऱ्या सिचुआनच्या मिरीनं जिभेला जी झिणझिण येते, ती हवी असेल तर कोकणातलं तिरफळ वापरावं. दोन्ही झाडं एकाच वंशातली. तिरफळातलं काळं बी टाकून द्यायचं, टरफल कोरडं भाजून कुटायचं आणि चिमूटभर वर भुरभुरायचं. माझी एक चुलत जाऊ रत्नागिरीकडची, ती पुडी पाठवते.

सासूबाई आधी म्हणाल्या, “ढोरायचं खाणं माणसानं कायले खावं वो?” मी वाद घातला नाही, ताट वाढलं. आता त्याच चोथ्यात कांदा, कोथिंबीर आणि ज्वारीचं पीठ घालून त्या स्वतः थालीपीठ लावतात. पाच माणसांचं रात्रीचं जेवण भातासकट शंभर-सव्वाशे रुपयांत होतं आणि चोथ्याचा दुसऱ्या दिवशीचा नाश्ता त्यातच.

कोणी म्हणेल, चायनीज तर आमच्या चौकातल्या गाडीवर मिळतंच. त्या गाड्यांवर पोटं चालतात, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण मंचुरियन हा पदार्थ मुंबईत १९७५ मध्ये नेल्सन वँग यांनी तयार केला, चीनमधून आलेला नाही. त्यात आपल्या लेकरांच्या पोटात जातो मुख्यतः मैदा, कॉर्नफ्लोअर आणि तळणीचं तेल. त्याच तिखट-लसणाच्या चवीत टोफू दिला तर मुलं तो तितक्याच आवडीनं खातात, हे मी माझ्या घरात बघते.

जिल्ह्यात आता मेक्सिकोकडचा चियासुद्धा पिकतो. परदेशी पीक घ्यायला आपला शेतकरी मागे नाही. पण पीक शिवारात येतं आणि ते शिजवायची पद्धत मागेच राहते, कारण ती शिकवण्याचं काम कुणी आपलं मानलं नाही. कृषी विभागाच्या शेतीशाळेत वाण, खत, फवारणी सगळं सांगतात. त्यात एक दिवस टोफूचा का नसावा? महिला बचत गट पापड-लोणच्यांच्या पलीकडे जायला धडपडतात, त्यांना पातेलं, फडकं आणि वरवंटा एवढ्या भांडवलात हा धंदा सुरू करता येईल. टोफू गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन-तीन दिवस टिकतो, गावातल्या गावात विकायला तेवढे पुरेत.

यंदा मळणी झाली की सगळी पोती शिवू नका. बुरशीनाशक न लागलेलं चार किलो सोयाबीन घरात ठेवा आणि त्यातलं अर्धा किलो पहिल्याच रविवारी भिजत घाला.