घर लहान, भाडे मोठे : उतारवयात माणसाने जायचे कुठे?

छावणीतील आणि शहराच्या जुन्या मोहल्ल्यांतील आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरांत सध्या एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि वर माडी, अशा घरात चाळीस-पन्नास वर्षे गेली. मुली सासरी गेल्या. मुलगे कोणी पुण्याला, कोणी आखातात. आता घरात दोन म्हातारी माणसे उरली आहेत. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, पावसाळ्यात छत गळते, दुरुस्तीला पैसा नाही. शेजारीपाजारी सहज सल्ला देतात, "अब्बा, एवढे मोठे घर कशाला? तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घ्या." सल्ला शहाणपणाचा आहे. पण तो अमलात आणायला गेले की हिशेब उलटा बसतो. लहान घर मोठ्या घरापेक्षा महाग पडते.

समजा, जुन्या भाडेकरूचे भाडे महिना ३०० रुपये आहे आणि दोन खोल्यांचे नवे घर ५,००० रुपयांना मिळते. म्हणजे वर्षाचा खर्च ३,६०० वरून ६०,००० रुपयांवर गेला. त्याशिवाय अनामत २०,०००, दलालाला एक महिन्याचे भाडे आणि सामान हलवायला टेम्पोचे दोन हजार. घरात पाय ठेवण्याआधीच २७,००० रुपये हवेत. पुढच्या वर्षी करार नवा करताना भाडे पुन्हा वाढणार. ज्याचे हात आता सुई धरत नाहीत आणि ज्याच्या दुकानाचे शटर अर्धे बंद असते, त्याने ही रक्कम कोठून आणावी?

शासन काही देते का, तेही पाहू. सरकारी नोकराला नोकरीत असेपर्यंत घरभाडे भत्ता मिळतो. आपले शहर केंद्राच्या वर्गवारीत 'वाय' गटात आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये या गटाचा भत्ता मूळ वेतनाच्या २० टक्के झाला. ४०,००० मूळ वेतन असणाऱ्याला ८,००० रुपये. पण निवृत्त होताच हा भत्ता बंद होतो. निवृत्तिवेतनावर महागाईची भरपाई मिळते, घरभाड्याची मिळत नाही. जणू साठीनंतर माणसाला छप्पर लागत नाही! कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून २०१४ मध्ये किमान १,००० रुपये पेन्शन ठरले. निराधार वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेची रक्कम राज्याने २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये केली. वरच्या उदाहरणातील नवरा-बायको दोघांनाही ती मिळाली, तरी महिन्याला ३,००० होतात. भाडे ५,००० आहे. भाकरी आणि औषध अजून बाकीच आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना तर कसलेच पेन्शन नाही. छोट्या व्यापाऱ्यांसाठी २०१९ मध्ये केंद्राने मानधन योजना काढली. तीत साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळायचे आहेत, पण प्रवेशाचे वय १८ ते ४०. जे त्या वेळी पन्नाशी-साठीत होते, ते बाहेरच राहिले.

इतर देशांत काय चालते? ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूचे भाडे भरण्यास शासन मदत करते. एप्रिल २०१३ पासून तेथे सरकारी किंवा गृहसंस्थेच्या घरात एक खोली जास्त असेल तर मदतीसाठी धरल्या जाणाऱ्या भाड्यात १४ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के कपात सुरू झाली. त्यावर मोठा गदारोळ झाला. पण पेन्शनच्या वयाच्या भाडेकरूंना या कपातीतून वगळले गेले. उलट, काही नगरपालिका मोठे घर सोडून लहान घरात जाणाऱ्या भाडेकरूला रोख रक्कम देतात आणि सामान हलवायलाही मदत करतात. जुने आणि नवे, अशी दोन्ही भाडी एकाच वेळी अंगावर आली तर ठरावीक परिस्थितीत चार आठवड्यांपर्यंत दोन्हींसाठी मदत मिळू शकते. म्हातारा माणूस लहान घरात गेला तर मोठे घर एखाद्या कुटुंबाला मिळते, असा यामागचा विचार आहे. आपल्याकडे मोठी घरे अर्धी रिकामी आणि तरुण जोडपी एका खोलीत कोंडलेली, हे चित्र दर गल्लीत आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. ६५ वर्षांवरील ज्या भाडेकरूचे स्वतःचे घर नाही, त्याला नोंदणीकृत करार पाहून दरमहा भाड्याचा काही हिस्सा द्यावा आणि घर बदलताना अनामत रकमेसाठी एकदाच मदत करावी. नोकरदाराचे घरभाडे शासनाला समजते, तर निवृत्ताचे आणि कारागिराचेही समजायला हवे.

परंतु शासन जागे होईपर्यंत आपण हातावर हात धरून बसू नये. घर सोडण्याआधी कायदा समजून घ्यावा. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा भाडेकायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्यात जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे आणि भाडेवाढ वर्षाला ४ टक्क्यांपर्यंतच आहे. घर सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरले नाही तर मात्र मालक ते परत मागू शकतो. म्हणून कुलूप लावून मुलाकडे राहायला जाऊ नये. आणि हक्क सोडायचाच असेल तर फुकट सोडू नये. भाडेकरूने हक्क सोडताना मोबदला घेणे या कायद्याच्या ५६ व्या कलमाने वैध आहे. तो मालकाशी लेखी ठरवावा आणि धनादेशाने घ्यावा. त्याच पैशातून नव्या घराची काही वर्षे निघू शकतात. आमच्या माहितीत असे बांधव आहेत, ज्यांनी भिडेखातर चावी देऊन टाकली आणि नंतर पस्तावले.

छावणीत एक वेगळी गाठ आहे. छावणीच्या हद्दीत घरभाड्याचे नियमन हा केंद्राचा विषय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्पष्ट केले. राज्याचा भाडेकायदा येथे आपोआप येत नाही. तो १९५७ च्या केंद्रीय कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनेने येतो. शिवाय येथील जमिनीची नोंद छावणीच्या जमीन नोंदवहीत असते आणि अनेक जागा लष्करी खात्याने ठरावीक अटींवर दिलेल्या आहेत. म्हणून पेठेतल्या मित्राला जो सल्ला लागू पडला तो छावणीत लागू पडेलच, असे धरून चालू नये. आपल्या घराची नोंद छावणी परिषदेच्या कार्यालयात पाहावी, लागू असलेली अधिसूचना वकिलाकडून तपासून घ्यावी आणि मगच सही करावी.

नव्या घराचा करार तोंडी नको. राज्याच्या कायद्यात करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर आहे. नागरी भागात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी फी १,००० रुपये आहे. मुदत अकराच महिन्यांची असावी असे बंधन नाही. पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो. उतारवयात दरवर्षी बोजा उचलण्यापेक्षा तीन किंवा पाच वर्षांचा करार करावा, भाडेवाढ आधीच लिहून घ्यावी आणि करारात नवरा-बायको दोघांची नावे घालावीत. एकट्या नवऱ्याच्या नावाचा करार असेल तर त्याच्या पश्चात बेवा बाईला इद्दत सरत नाही तोच घर शोधत फिरावे लागते.

शेवटी आपल्या मोहल्ल्यांकडे वळू. लग्नाच्या मांडवाला आपण वर्गणी काढतो, दुकानाच्या मालाला उधारी देतो. तसाच मोहल्ल्यातील दहा-वीस दुकानदारांनी मिळून अनामत रकमेचा एक लहान कर्जे-हसना निधी उभा करण्यास काय हरकत आहे? अनामत घर सोडताना परत मिळते, म्हणजे निधीचा पैसा बहुधा फिरून येतो. मालक बांधवांनीही थोडे औदार्य दाखवावे. तळमजल्याची खोली वृद्ध भाडेकरूला देताना एक महिन्याची अनामत घेतली तर कोणी भिकेला लागत नाही. गुरुवारच्या बाजारात पैसा-पैसा घासून घेणारे आपण लोक आहोत. आयुष्यभर त्याच बाजारात बसलेल्या माणसाचे शेवटचे घर ठरवतानाही हिशेब नीट मांडू, आणि त्यात एक रकाना माणुसकीचाही ठेवू.