कच्चं मडकं

घरातली मोठी माणसं काही ठरवायला बसली आणि आपण मध्येच तोंड घातलं, की एखादे काका लगेच म्हणतात, "तू गप रे, अजून कच्चं मडकं आहेस!" राग येतो ना? माझ्या चौथीच्या वर्गात हा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला, तर निम्म्या वर्गाचे हात वर. कुणी ना कुणी तो ऐकवलेलाच!

'अननुभवी माणूस' असा अर्थ पुस्तकात मिळेल. पण खरी गंमत कळायला कुंभाराकडे जायला हवं. आपल्या पुण्यात कसबा पेठेतला कुंभारवाडा प्रसिद्ध आहे. चाकावरून उतरलेलं मडकं कुंभार वाळवतो. वाळलेलं मडकं दिसायला अगदी तयार. पण त्यात पाणी भरून ठेवा बरं! थोड्या वेळात बूड मऊ पडतं, आणि पुन्हा चिखल. तेच मडकं आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, सहाशे अंशांच्या पुढे तापलं की मातीत घट्ट बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं. मग त्या मातीचा परत कधीच चिखल होत नाही. आवाजही बदलतो. उन्हाळ्यात माठ घेताना आई टिचकी मारून बघते ती त्यासाठीच. पक्का माठ खणखणीत वाजतो. (घरच्या माठावर प्रयोग करायचा तर आजीला विचारून!)

म्हणजे बघा, कच्चं मडकं हे फुटकं मडकं नव्हे. त्यात खोट काही नाही, ते फक्त भाजायचं राहिलंय. 'ओठ पिळले तर दूध निघेल' असं आपण म्हणतो, ते मात्र सरळसरळ वयावरून. इंग्रज अशा पोराला 'कानामागे अजून ओला' म्हणतात. नुकत्या जन्मलेल्या वासराचं अंग वाळतं, पण कानामागे ओल राहते ना, तसं. मडक्याला वय कुणी विचारत नाही.

आणि याचा दाखला वारकऱ्यांच्या गोष्टीतच आहे. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने विचारलं, "काका, हे काय?" काका म्हणाले, "हे थापटणं. मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं." "मग आमचीही मडकी बघा की!" झालं! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. त्यांच्याशी तर प्रत्यक्ष विठोबा बोलायचा, असं लोक मानत. काका म्हणाले, "हे मडकं कच्चं!" लक्षात घ्या, ही परीक्षा सुचवणारी मुक्ताबाई नामदेवांपेक्षा वयाने लहान होती. तिला कुणी कच्चं म्हटलं नाही.

नामदेव रडत पंढरपूरला गेले. तिथे विठोबानेही काकांचीच बाजू घेतली! मग ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. आव्यात पडले म्हणा ना. पुढे ते थेट पंजाबात पोचले. तिथल्या घुमान गावात त्यांचं स्मारक आहे, आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरलं होतं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.