मोठ्या शिंगांची शिक्षा

वन्यप्राण्यांच्या परवानाधारक शिकारीवरून वाद झाला की समर्थक आकडे पुढे करतात. कळपाची संख्या टिकून असेल, तर दरवर्षी मोजके नर मारल्याने बिघडते काय, असा त्यांचा सवाल असतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या राम माउंटन या डोंगरावरचे बिगहॉर्न जातीचे रानमेंढे या सवालाला उत्तर देतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून संशोधक तेथील प्राण्यांना खुणेने ओळखून त्यांचे वजन आणि शिंगे मोजत आले आहेत.

या जातीत नर-मादीतला फरक चटकन नजरेत भरतो. मादीची शिंगे आखूड. नराची जाडजूड आणि गोल वळलेली. मादीची वाढ लवकर पुरी होते, नर मात्र पुढेही काही वर्षे वाढत राहतो. ही शिंगे हरणासारखी दरवर्षी गळत नाहीत. माजाच्या काळात नर एकमेकांना टकरा देतात, तेव्हा वजन आणि शिंगे कामी येतात. पण त्याचा खरा लाभ मिळतो तो साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात.

नेमका इथेच शिकारीचा नियम आडवा आला. शिंगांचे वेटोळे चार-पंचमांश झाले की नर मारण्याची मुभा होती. ज्याची शिंगे भराभर वाढत, तो चौथ्या वर्षीच या मापात बसे आणि फारशी पिल्ले होण्याआधी मारला जाई. सावकाश वाढणारा वाचे. वंश त्याचाच चाले. नरांचे वजन आणि शिंगे दोन्ही घटल्याचे २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

कळप दाट झाला, चारा कमी पडला, तरी वाढ खुंटते. त्यामुळे सगळा दोष शिकारीचा नाही. मात्र वंशावळी तपासल्यावर घटीतला काही भाग आनुवंशिक असल्याचे दिसले. मादीच्या शिंगांसाठी कोणी बंदूक उचलत नाही. तरी बापाकडून आलेल्या जनुकांमुळे तीही आखूड झाली.

१९९६ मध्ये पूर्ण वेटोळ्याची अट आली आणि २०११ मध्ये शिकार थांबली. आनुवंशिक घसरण रोखली गेली. भरपाई मात्र तितक्या वेगाने झाली नाही. म्हणूनच परवाने देताना किती प्राणी उरले एवढेच नव्हे, तर कोणते उरले, हेही मोजायला हवे.