तापातून उठलेल्या आजीला बसवून ठेवू नका



‘जंगलातल्या म्हाताऱ्यांना व्यायाम कशाला?’ असं विचारणारं पत्र वाचलं. ते मला पटलं नाही. भामरागड तालुक्यातली माडिया आदिवासी आजी पहाटे मोहफुलं वेचायला जाते, उकिडवी बसते, भरली टोपली डोक्यावर घेऊन परतते, हे खरंच. पण तीच आजी हिवतापाने आठ-पंधरा दिवस खाटेवर पडली की उठताना काठ धरते, आणि घरचे म्हणतात, “आता बस निवांत.” तिथेच घात होतो. पडून राहिलं की स्नायू झपाट्याने झडतात, उतारवयात ते आपसूक भरत नाहीत.

भरून आणता मात्र येतात. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजन लावून पायांचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांतली ताकद दुपटीहून अधिक झाली. हा अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. अर्थात पोटात डाळ, अंडी, मासे हवेतच. उपाशी अंगाला राबवणं म्हणजे व्यायाम नव्हे.

आपल्या तालुक्यातल्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पाने 1973 पासून औषधोपचार उपलब्ध करून दिले आहेत. त्यापुढचं काम घरच्यांचं. ताप उतरला की डॉक्टरांना विचारा, आणि आजीला हाताला धरून रोज खाटेवरून उठवा, बसवा, अंगणात चालवा.

— एक वाचक, हेमलकसा