उचल कुणाच्या खात्यावर?

दसरा झाला की लोहा-कंधार भागातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, घागर, ताडपत्री, कोंबड्यांचे खुराडे आणि सर्वांत शेवटी पोरे, अशा क्रमाने संसार चढतो. गाडी सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांकडे जाते, नाही तर थेट कर्नाटकात. शाळेच्या हजेरीपटावर त्या दिवशी सुरू झालेली गैरहजेरी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत चालते. पोर परत येते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि जूनमध्ये ते वर्गात येईलच याची खात्री नसते.

या प्रश्नावर बोलताना आपण शहाणी माणसे पहिला शब्द उच्चारतो तो ‘प्रबोधन’. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे आपले निदान. बँकेतल्या नोकरीने माझा हा भ्रम फार लवकर घालवला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी याच भागातल्या एका शाखेत होतो. एक ऊसतोड्या समोर येऊन बसला. म्हणाला, “साहेब, औंदा मुकादमाची उचल घ्यायची न्हाई. तुमीच काय तरी द्या. पोरगी चौथीत हाय.” जमीन विचारली. दीड एकर माळ, तोही भावाच्या नावावर. तारण नव्हते. मी अर्ज परत दिला, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मुकादमाने आठ दिवसांत त्याच्या हातावर पैसे मोजले. मुकादमाला तारण दिसत होते, आम्हाला दिसत नव्हते, एवढाच फरक. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो कोयता पहाटेपासून चालायचा तर तान्हे मूल कोणीतरी सांभाळले पाहिजे, कोपीवर पाणी भरले पाहिजे, भाकरी थापली पाहिजे. ती चौथीतली मुलगी उचलीच्या कागदावर कुठेच नसते. फेडीत मात्र तिचा हिस्सा असतो.

तेव्हा हा प्रश्न आधी कर्जाचा आहे, शाळेचा नंतर.

आजवर यावर दोन वाटा निघाल्या. एक, शाळेने मुलामागे जायचे. त्यातून कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या आणि काही संस्थांनी त्या फार निष्ठेने चालवल्या. पण टोळी एका गावच्या फडावरून दुसऱ्या गावच्या फडावर हलते, आणि सीमा ओलांडली की जवळच्या शाळेतला फळा कानडीत असतो. दुसरी वाट म्हणजे मुलाने गावातच राहायचे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत ठेवण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर आली, आणि गावोगावच्या हंगामी वसतिगृहांना महत्त्व आले.

‘वसतिगृह’ हा शब्द ऐकून वाचकांच्या डोळ्यांसमोर इमारत आली असेल तर ती पुसून टाका. शाळेचीच एखादी खोली, गावातली एक स्वयंपाकीण, सकाळ-संध्याकाळचे जेवण, दुपारी शाळेची खिचडी. पैसा सरकारचा, कारभार शाळा व्यवस्थापन समितीचा. जेवून झाले की बरीच पोरे झोपायला आजीकडे जातात. खरी रेक्टर ती. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले, आणि पदरात तीन-चार नातवंडे. ताप आला की रात्रभर तीच बसते, आईची आठवण काढून रडणाऱ्याला तीच थोपटते. मंजुरीच्या कुठल्याही कागदावर तिचे नाव नसते. आमच्या नात्यात वार लावून जेवून शिकलेली माणसे होती. आठवड्याचे सात वार, सात घरे. ज्या कंधार तालुक्यात लोहा पूर्वी मोडत असे, तिथे केशवराव धोंडगे यांनी उभारलेल्या शिक्षणसंस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द आहे. 1 जानेवारी 2023 रोजी ते शंभरीत गेले. गावाने पोर पोसायचे, ही कल्पना या मातीला नवी नाही.

बिघडते ते तारखेत. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव केंद्रप्रमुखाकडे, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जातो. मंजुरी येईपर्यंत ट्रक निघून गेलेला असतो. दरवर्षीची तक्रार हीच. जिथे समितीत दम आहे, तिथे किराणा दुकानदाराच्या उधारीवर चूल पेटते आणि गुरुजी स्वतःच्या नावावर खाते लिहून घेतात. जिथे दम नाही, तिथे पोरे ट्रकमध्ये चढतात. पीककर्ज पेरणीआधी द्यावे लागते. ते दिवाळीत दिले तर शेतकरी त्यातून लग्न करील, पेरणी नाही. हे कळायला बँकेची परीक्षा द्यावी लागत नाही.

आठवीनंतर तर ही चूलही विझते. मुलगी पंधरा-सोळाची झाली की तिचे लग्न म्हणजे नवा कोयता आणि नवी उचल. राज्य सरकारने 2021 साली संत भगवानबाबा यांच्या नावाने तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहे काढण्याची योजना मंजूर केली. 41 तालुके, प्रत्येकी एक मुलांचे आणि एक मुलींचे, अशी 82. मोठ्या मुलींसाठी ती हवीतच. सात वर्षांच्या पोराला मात्र मी आजीपासून तोडून तालुक्याला पाठवणार नाही.

मध्यंतरी एका गुरुजींनी त्यांची पद्धत सांगितली. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, त्यामुळे यंदा कोण जाणार याची यादी मुकादमाच्या वहीत पोळ्यालाच तयार असते. गुरुजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन बसतात. प्रस्ताव तेव्हाच जातो आणि उधारीवर का होईना, घटस्थापनेला चूल पेटते. मी विचारले, मुकादम नावे सांगतो? “सांगतो की. लेकरं मागं राहिली की जोडीचं लक्ष कामात राहतं, हे त्याला आमच्याआधी कळलंय.”

“मग सगळी राहतात?”

“तान्हं मूल असलेल्या घरची थोरली राहत नाही,” गुरुजी म्हणाले. “तिला खोली दिली, जेवण दिलं, तरी फडात तान्हं कोण धरणार?”