राखणीचा माळा टाकाऊ सामानाचा नको

ज्वारी हुरड्यात आली की रानात माळा उभा राहायचा आणि त्यावरून गोफण फिरायची, हे शिरूर-दौंडच्या जिरायती गावांना सांगायला नको. चार मेढी, त्यांवर दोन आडवी लाकडे, वर घरातली जुनी बाज आणि डोक्यावर कडब्याच्या चार पेंढ्या. एवढ्यावर पाखरे राखली जात. पाखरे दिवसा येतात आणि दिवस मावळला की राखणदार घरी जातो. त्यामुळे माळा थोडा डुगडुगला तरी चालून जात असे.

आता राखण रात्रीची झाली आहे. भीमा आणि घोडच्या काठाला उसाच्या आडोशाने रानडुकरे येतात आणि एका रात्रीत मका, भुईमूग लोळवून जातात. दौंडच्या दक्षिणेला रोटी, जिरेगाव, कौठडीकडे माळरानाला लागून ज्याची जमीन आहे, त्याच्या हरभऱ्यात चिंकारा उतरतो. शिरूरच्या पश्चिम-उत्तर पट्ट्याचे तर बोलायलाच नको. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने लहान लेकरे आणि म्हातारी माणसे नेली. त्यानंतर गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाणारी माणसे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली.

काम बदलले, पण माळा तसाच राहिला. आजही माळा बांधायचा म्हटले की आपण आधी परड्यात काय पडले आहे ते बघतो. फुटका पत्रा, ठिबकची जुनी नळी, किडलेली वासे, खताच्या गोण्या. ज्या खांबाला आपण म्हैस बांधणार नाही, त्या खांबावर रात्रभर माणूस बसवतो. या लिखाणाचा मुद्दा एवढाच की, राखणीचा माळा हे आता शेतीचे औजार समजले पाहिजे आणि त्याचे सामान विहिरीच्या मोटारीइतक्याच विचाराने निवडले पाहिजे.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. माळा राखणीचा, शिकारीचा नाही. अमेरिकेत हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात करता येते. तिथली माणसे त्यासाठी रानात लाकडाची, प्लायवूडची बंद खोपटी बांधतात. जनावराला माणूस दिसू नये, आवाज जाऊ नये, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे कायदाच वेगळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा आणि काळवीट पहिल्या परिशिष्टात आहेत, मोरही आहे आणि बिबट्याही. यांपैकी कशाचीही शिकार केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. शेजारी सुप्याला 1997 साली मयुरेश्वर अभयारण्य झाले ते याच चिंकाऱ्यासाठी, आणि ते अवघे पाच चौरस किलोमीटरचे आहे. त्याची हद्द हरणाला कोण समजावून सांगणार? ते आपल्या रानात येणारच. त्याला मारायचे नाही, हुसकायचे आहे.

आणि इथेच सामानाचा हिशेब उलटा होतो. शिकाऱ्याला लपायचे असते, आपल्याला दिसायचे आहे. जनावराला लांबूनच कळले पाहिजे की इथे माणूस जागा आहे. वाऱ्याने वाजणारा पत्र्याचा तुकडा शिकाऱ्याला नडतो, आपल्याला तो उपयोगी आहे. माळ्यावर दिवा हवा, डबा हवा, मोठ्या आवाजाचा माणूस हवा. हिरव्या जाळीने माळा झाकून टाकण्यात काही अर्थ नाही.

आता एकेक सामान पाहू. पहिले खांब. बांधावरची जुनी बाभूळ असेल तर तिच्या गाभ्याचे लाकूड चांगले. वरचे पांढरे लाकूड मात्र भुंगा खातो, ते तासून टाकावे. सुबाभूळ स्वस्त मिळते, पण तिला कीड लवकर लागते. निलगिरीचा सरळ वासा दिसायला छान, पण वाळताना तडकतो आणि मातीत गेला की वाळवी धरतो. ही दोन्ही लाकडे वर आडवी वापरावीत, खांबाला नकोत. वेळू घ्यायचा तर भरीव आणि पक्का, तीन वर्षांच्या पुढचा घ्यावा. कोवळ्या वेळूत पिष्ट जास्त, त्यावर भुंगा येतो आणि वर्षात पीठ गळायला लागते. तोडलेला वेळू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवला तर कीड कमी लागते. बांधावरचे झाड तोडताना परवानगीचा नियम आधी वनपालाला विचारावा. वनाबाहेर लावलेला बांबू मात्र 2017 च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बाहेर काढला आहे.

लाकडाच्या खांबाचा जीव जमिनीच्या रेषेवर जातो. वर कोरडे, खाली ओल, आणि मधल्या वीतभर जागेत तो कुजतो. म्हणून जमिनीत जाणारा भाग आणि वरचा हातभर भाग डांबराने माखावा. खड्डा अडीच-तीन फुटांचा घ्यावा आणि तो काळ्या मातीने भरू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब ढिला करते. दगड आणि मुरूम घालून ठोकून बसवावे. ज्याला परवडते त्याने लोखंडी पाइप वापरावा. मोडलेल्या शेडनेटचे जाड पाइप गावोगाव पडून आहेत. गुळगुळीत पाइपवर जनावरालाही सहज चढता येत नाही, हा आणखी एक फायदा.

दुसरी बांधणी. बहुतेक माळे खांब मोडून पडत नाहीत, सांधा सुटून पडतात. नायलॉनची दोरी उन्हाने कुजते, काथ्या पावसाने. नुसती तार आवळली तर लाकूड वाळून बारीक झाल्यावर ती सैल पडते. सांध्याला आरपार नटबोल्ट घालावा, त्यावर तार गुंडाळावी, आणि चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या माराव्यात. या तिरप्या पट्ट्या आपल्याकडे कोणी मारत नाही आणि मग वारा सुटला की माळा झुलतो.

तळाला बाज टाकायची जुनी सवय सोडावी. सुंभ तुटले की माणूस सरळ खाली. लाकडी फळ्या किंवा फोडलेल्या वेळूची ताटी, खाली तीन आडव्या लाकडांचा आधार, आणि कडेने कमरेइतका कठडा. झोपेत कूस बदलली तरी माणूस पडता कामा नये.

छपराला उसाचे पाचट फुकट मिळते, पण त्याखाली बिडी ओढायची, कासवछाप लावायची म्हणजे आगीला बोलावणे. उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. प्लास्टिकची ताडपत्री उन्हाने दोन हंगामांत फाटते. माझ्या मते पत्राच बरा, त्याला आकडे-बोल्ट नीट मारावेत आणि उन्हाळ्यात वरून कडबा पसरावा. शिडी सुटी असावी आणि वर गेल्यावर ओढून घ्यावी.

दोन इशारे याच ओघात. उघड्या रानात माळा सर्वांत उंच असतो, म्हणून वीज आधी त्याच्यावरच पडण्याची भीती. ढग गडगडायला लागले की माळ्यावर थांबू नये आणि झाडाखालीही जाऊ नये, पक्क्या घरात जावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अॅप विजेची आगाऊ सूचना देते, ते घरातल्या पोराकडून मोबाइलवर घालून घ्यावे. दुसरा इशारा बिबट्याचा. माळ्यावर बसलो म्हणजे निर्धास्त झालो, असे कोणी समजू नये. बिबट्या शिकार तोंडात धरून झाडावर चढतो, त्याला आठ-दहा फूट काहीच नाहीत. बिबट्याच्या गावात माळा चारही बाजूंनी आणि वरून वेल्डमेश जाळीने बंद हवा, खालून चढायच्या जागेला दार हवे, आणि एकट्याने बसायचे नाही.

यावर कोणी म्हणेल, माळ्यापेक्षा कुंपणाला वीज जोडून दिली की काम संपले. ते कदापि करू नये. घरची वीज तारेत सोडणे गुन्हा आहे, आणि त्या तारेला जनावराआधी शेजाऱ्याचा पाय लागतो. मान्यताप्राप्त सौर कुंपणाचा हलका झटका निराळा आणि हा निराळा.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. दोन एकरवाल्याने पाइप, जाळी, पत्रा, बोल्ट कुठून आणायचे? इथे गावकारभाऱ्यांचे काम सुरू होते. रोजगार हमीतून गोठे झाले, विहिरी झाल्या, शेततळी झाली. सौर कुंपणाला जनवन योजनेतून अनुदान मिळते. मग राखणीचा माळा कोणत्याच यादीत का नाही? ग्रामपंचायतीने गावातल्या राखणीच्या शिवाराची नोंद करावी, चार-पाच शेतकऱ्यांत मिळून एक असे पक्के माळे ठरवावेत आणि ग्रामसभेत ठराव करून तो पंचायत समितीकडे आणि वनखात्याकडे पाठवावा. शिरूर जुन्नर वनविभागात येतो, तिथल्या अधिकाऱ्यांना या गावांची अडचण नव्याने सांगावी लागणार नाही.

शेतकऱ्यानेही आपली बाजू सांभाळावी. नुकसान झाले की शिव्या देऊन गप्प बसण्यापेक्षा तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत रान नांगरू नये. हरीण, डुक्कर, दोघांच्याही नुकसानीला भरपाई आहे. वनखात्याचा 1926 हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

शेवटी एक खरे सांगितले पाहिजे. चांगल्यात चांगला माळाही रात्रीच्या राखणीचा धोका कमी करतो, संपवत नाही. बिबट्याच्या पट्ट्यात शेतीला दिवसा वीज मिळाली तर दारे धरायला तरी माणूस रात्री बाहेर पडणार नाही. ती मागणी जोरात चालू राहिली पाहिजे. पण ती पुरी होईपर्यंत ज्याला रानात बसावेच लागणार आहे, त्याच्या अंगाखालची फळी तरी शाबूत असावी. यंदा रब्बीची पेरणी उरकली की परड्यातल्या भंगाराकडे न बघता आधी खांब निवडायला लागा.